'विकत मिळतं ना' म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

शनिवारी लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाहीये. पहिला नंबर कुणाला, तर खोक्यातून काढून टेबलावर ठेवलेल्या रेडिमेड रोबोटला. नाचतो, हात हलवतो, निळे लाइट लागतात, मोबाइलवरून चालतो. परीक्षकांनी विचारलं, "हा वळतो कसा?" मुलगा म्हणाला, "अ‍ॅपमध्ये बटण आहे." एवढ्या उत्तरावर पहिला नंबर! त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही, बारा वर्षांचं लेकरू ते, घरच्यांनी आणून दिलं ते त्याने मांडलं. राग आहे तो आम्हा मोठ्यांवर. माझ्या लेकीने काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी छोटी गाडी स्वतः जोडून मांडली होती. निकालानंतर एक पालक मलाच समजवायला आले, "अहो ताई, सगळं विकत मिळतं ना आता, कशाला पोरीला एवढं राबवलंत?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

राबवलंत म्हणे. तिचं तिला करायचं होतं हो! आणि का करायचं होतं तेही ऐका. मागच्या वर्षी वाढदिवसाला आम्हीही असाच एक तयार रोबोट घेतला होता, साडेसहा हजारांचा. आठ महिने चालला. मग माझा फोन बदलला आणि नवीन फोनवर त्याचं अ‍ॅपच इन्स्टॉल होईना, जुन्या फोनवर उघडलं तर 'सर्व्हरशी कनेक्ट होऊ शकत नाही'. अहो, रोबोट माझ्या घरात, फोन माझ्या हातात, दोघांत चार फुटांचं अंतर, मधे कुठला सर्व्हर हवाय तुम्हाला? कस्टमर केअरला सहा फोन केले. शेवटी उत्तर काय, तर "मॅडम, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, नवीन घ्या." मोटर ठणठणीत, बॅटरी चार्ज होतेय, चाकं फिरतायत, आणि वस्तू मेलेली! लेक म्हणाली आई, उघडून बघूया. स्क्रू स्टिकरखाली लपवलेले, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, आणि मेन चिपवर काळ्या डांबरासारखा गोळा ओतलेला, म्हणजे ती कुठली चिप आहे हेसुद्धा कळू नये. पैसे आपण मोजायचे आणि आत काय आहे ते बघायचं पण नाही?

आणि हे फक्त आमच्याच नशिबी आलेलं नाही. अमेरिकेत अँकी नावाची कंपनी होती, छोटे गोड रोबोट विकायची, २०१९ मध्ये बंद पडली. मॉक्सी म्हणून लहान मुलांशी बोलणारा रोबोट होता, शेकडो डॉलर्सचा, त्याचं सगळं डोकं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनी गुंडाळायची घोषणा झाली आणि हा आता बोलणार नाही हे पोरांना कसं सांगायचं हा प्रश्न आईबापांपुढे. मी ते वाचलं तेव्हा आमच्या कपाटातला मेलेला रोबोटच आठवला.

तर मग आम्ही पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. दुकानदार काकांनी तिच्याशी नीट बोलून सामान दिलं, माझ्याशी नाही, तिच्याशी, हे मला फार आवडलं. अर्डुइनो उनो बोर्डची, म्हणजे गाडीच्या मेंदूची, कॉपी ४५०, मोटरला करंट पुरवणारा मोटर ड्रायव्हर १४०, दोन छोट्या पिवळ्या मोटर चाकांसकट १६०, काळं-पांढरं ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर ८०, चार्ज होणारे दोन सेल होल्डर-चार्जर धरून ४५०, जोडायच्या वायर ७०. झाले १,३५०. अर्डुइनोचं डिझाइन २००५ पासून, इटलीत सुरू झालं तेव्हापासून, सगळ्यांना खुलं आहे, सर्किटचा नकाशा कुणीही बघावा, कुणीही बनवावा, म्हणून तर कॉपी एवढ्यात मिळते. इथे चिपवर डांबर नाहीये! तिच्यावर नाव छापलेलं आहे, वाचता येतं.

सोपं होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पहिल्यांदा आम्ही ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली, काही मिनिटांत मान टाकली, कारण मोटरला लागतो तेवढा करंट तिला देताच येत नाही. मग ते सेल वापरले, मोटरला सेल आणि बोर्डला तीच चौकोनी, तर मोटर नुसत्या झटके मारायच्या, मधेच उलट्या फिरायच्या. तीन रात्री गेल्या त्यात, तिसऱ्या रात्री तर ती रडली, आणि मग चौथ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तर न काढता म्हणते, "आई, दोन्हीचे ग्राउंड, म्हणजे मायनस टोकं, आपण जोडलीच नाहीयेत!" एक काळी वायर. एवढीच जोडायची होती. ती जोडली आणि गाडी सरळ गेली फरशीवरून, तेव्हा पोरीचा जो चेहरा झाला ना, तो कुठल्या खोक्यात मिळतो सांगा मला. मोटर ड्रायव्हर जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून दोन सेलच्या ७.४ व्होल्टमधले साडेपाचच मोटरपर्यंत पोचतात, हे आता सातवीतली पोरगी मला सांगते आणि मीटर लावून दाखवते.

प्रदर्शनात नेमकं आमचं टेबल खिडकीशी. अकराचं ऊन थेट पट्टीवर. उन्हातही डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड असतं, त्यामुळे सेन्सरला काळी टेपसुद्धा पांढरीच वाटायला लागली आणि गाडी लाइन सोडून भरकटली. बाजूच्या टेबलावर नाच चालू, गर्दी तिकडे. हिने फाइलचं काळं कव्हर कापलं, सेन्सरभोवती पडद्यासारखं चिकटवलं, छोट्या स्क्रू ड्रायव्हरने सेन्सर कमी-जास्त करायचा पॉट जरासा फिरवला आणि पाच मिनिटांत गाडी परत लाइनवर. अहो, हेच तर विज्ञान! डोळ्यांसमोर घडलं! पण तोपर्यंत परीक्षक पुढे गेले होते आणि त्यांच्या कागदावर आमच्यासमोर लिहिलं होतं, 'मॉडेल नीट चालत नाही'.

विकत घ्यायलाच माझा विरोध आहे असं समजू नका. मोटरही विकतच आणली, सेन्सरही. जोडणीचं किट आणा, पोराला तासनतास बसू द्या, चुकू द्या, काही म्हणणं नाही. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि त्याला 'माझा प्रोजेक्ट' म्हणायचं, आणि शाळेने त्यावर शिक्का मारायचा, हे चालणार नाही. २०१६ मध्ये सरकारने शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली, सहावी ते बारावीच्या पोरांनी हाताने काहीतरी करावं म्हणून. आमच्या शाळेतही ती लॅब आहे. सोल्डरिंग गन कपाटात, कपाटाला कुलूप, का तर पोरं खराब करतील. अरे मग खराब करायलाच आहे ना ती!

लेक घरी आल्यावर काही बोलली नाही. रात्री विचारलं, "पुढच्या वर्षी आपण पण नाचणारा घेऊया का?" ते ऐकून माझ्या पोटात जे तुटलं ते अजून तसंच आहे. कालपासून त्या गाडीला तिने हात लावलेला नाहीये.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे. बक्षीस नकोय मला, ज्याला दिलं त्याच्याकडेच राहू द्या. मला फक्त परीक्षकांची ती गुणपत्रिका बघायचीय, आणि तिच्यात 'स्वतः बनवलं का' असा एक तरी रकाना होता का, तेवढं विचारायचंय.