नऊवारीला नऊ आकडी नंबर

सरकारी कामाची मला भीती वाटत नाही, कारण माझ्याकडे फाइल आहे. आधार, पॅन, लाइट बिल, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला, सगळ्यांच्या झेरॉक्स, प्रत्येकीवर तिरकी सही. खिडकीमागचा माणूस काय मागेल ते मागू दे, त्याचं वाक्य संपायच्या आत कागद त्याच्यापुढे असतो. 'मूळ प्रत?' तीही असते. त्याचा पडलेला चेहरा बघण्यात जी मजा आहे, ती नाटकाच्या पहिल्या रांगेत बसूनही मिळत नाही.

मी सदाशिव पेठेत शिवलेल्या नऊवाऱ्या विकते. गणपती जवळ आले की न्यू जर्सी नि डॅलसच्या महाराष्ट्र मंडळांतल्या बायकांना काष्टा आठवतो आणि मला मेसेज सुरू होतात. माझा भाचा पुण्यात राहतो, पण झोपतो अमेरिकेच्या वेळेने. तो म्हणाला, "मावशी, तू अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एलएलसी काढ, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. डॉलरमध्ये पैसे घ्यायला सोपं पडेल."

एलएलसी निघाली, काही जाणवलंसुद्धा नाही. तिथल्या विल्मिंग्टन नावाच्या गावात म्हणे एकाच इमारतीच्या पत्त्यावर २ लाख ८५ हजार कंपन्या नोंदवलेल्या होत्या. आमच्या वाड्यात सात भाडेकरू होते, तर पाण्यावरून रोज महाभारत व्हायचं.

"आता ईआयएन काढ," भाचा म्हणाला. म्हणजे एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर, तिकडच्या केंद्रीय करखात्याचा, कंपनीचा पॅनच समजा. नऊ आकडे, पहिल्या दोनांनंतर आडवी रेघ. तो असल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. आणि तो फुकट मिळतो! एका वेबसाइटने याच फुकट नंबराचे तीनशे डॉलर सांगितले. सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या बाईला!

तिकडची माणसं हा नंबर बसल्या जागी ऑनलाइन काढतात. पण त्याला धंदा अमेरिकेत असावा लागतो आणि अर्जदाराकडे तिथल्या सरकारने माणसाला दिलेला सोशल सिक्युरिटीसारखा नंबर लागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. म्हणजे आला कागदी फॉर्म एसएस-४. हा फॉर्म माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. १९३५ साली तिकडे सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि १९३६च्या नोव्हेंबरात पोस्ट खात्याने हा मालकांना वाटला, तेव्हापासूनचा.

एकच पान, पण प्रश्न मनात घोळत राहतात. 'जबाबदार व्यक्ती' कोण? तो माणूसच हवा, दुसरी कंपनी चालत नाही. आमच्या घरात या रकान्याला स्पर्धा नव्हती. त्यापुढे सोशल सिक्युरिटी नंबराच्या जागी 'फॉरेन' असं लिहायचं. जन्मात विमानात बसले नाही, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये मी स्वहस्ते फॉरेनची झाले. पुढच्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती नोकर? शेतीचे वेगळे, घरकामाचे वेगळे, इतर वेगळे. आमच्या मंदाबाई 'घरकामा'त धरायच्या का, यावर बराच वेळ विचार केला. बाई अमेरिकेच्या रेकॉर्डवर गेल्या तर आधी पगार वाढवून मागतील. शून्य टाकलं.

मग कळलं की हा फॉर्म एकतर पोस्टाने पाठवायचा, नाहीतर फॅक्सने. हो, फॅक्सने!

पुण्यात फॅक्स शोधणं म्हणजे काय, ते शोधल्याशिवाय कळायचं नाही. अप्पा बळवंत चौकातला एक मुलगा म्हणाला, "काकू, ॲप आहे का ते?" शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे मशीन सापडलं. त्यावर गाइडांचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर काकांचा डबा. डबा उचलला, गठ्ठे उतरवले, खाली पिवळं पडलेलं मशीन. काकांनी ते उपरण्याच्या टोकाने पुसलं. प्लग लावल्यावर हिरवा दिवा लागला, तेव्हा दुकानातली तीन-चार गिऱ्हाइकंही पुढे सरकून बघायला लागली. "चालतंय की," काका भारावून म्हणाले. "फक्त फोनची लाइन काढून टाकलीये."

मग भाच्याने तिसरा मार्ग सांगितला. परदेशी अर्जदारांसाठी फिलाडेल्फियाकडचा एक फोन नंबर आहे, अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या वेळेने सकाळी सहा ते रात्री अकरा. आपल्याकडे दुपारचे साडेतीन ते दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. दुपारी एक ते चार पुणं झोपतं हे त्यांना कोणीतरी कळवलेलं दिसतंय, कारण त्यांनी फक्त अर्धा तासच मोडला.

फाइल उघडून, कागद टेबलावर क्रमाने मांडून मी फोन लावला. वाजणारं संगीत थांबलं आणि एका बाईंनी आधी स्वतःचं नाव आणि ओळख क्रमांक सांगितला. मी दचकले. सरकारी माणूस आपण होऊन स्वतःचा नंबर देतो?

"मॅम, तुमच्या नावाचं स्पेलिंग सांगा."

माझं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं आणि आडनाव 'क्ष'ने. बाराखडीच्या तक्त्यातली शेवटची ओळ आमच्या घरात नांदते. "डी फॉर दापोली," मी सुरुवात केली.

"डी, डेव्हिडमधला?"

"हो, तोच. एन फॉर नाशिक."

"एन, नॅन्सीमधला?"

असे आम्ही दोघी महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्यामधून वाट काढत आडनावापर्यंत पोचलो. पत्त्याला पुन्हा अडलो. "चिमण्या गणपतीजवळ," मी म्हटलं. पलीकडे शांतता. "हे रस्त्याचं नाव आहे का, मॅम?" आता रस्त्याचं नाव कोणाला माहीत असतं? मुख्य माल काय, हे विचारल्यावर मी म्हटलं, शिवलेली नऊ वार साडी. "नऊ यार्ड? एका बाईला?" त्यांचा स्वर पहिल्यांदाच सरकारी राहिला नाही. मी काष्टा समजावला. फॉर्ममध्ये तो प्रश्न नव्हता, पण त्यांनी ऐकून घेतला.

आणि मग त्या म्हणाल्या, "लिहून घ्या," आणि नऊ आकडे सांगून मोकळ्या झाल्या.

"कागदपत्रं?" मी विचारलं.

"कसली, मॅम?"

"आधार? सेल्फ अटेस्टेड आहे. लाइट बिल?"

"गरज नाही. पत्र पोस्टाने येईल."

मी सांगितलं आणि त्यांनी ते खरं धरलं! मला फार अपमानास्पद वाटलं. लग्नाच्या दाखल्याकडे तर कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. ओटीपीसुद्धा नाही. रात्री झोप लागेना, म्हणून भाच्याला उठवायला गेले, तर तो जागाच होता. "फसवलं तर नसेल ना रे?" तो म्हणाला, "मावशी, तूच त्यांना फोन केला होतास."

पेढे घेऊन मी आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि तोंड गोड असतानाच सांगितलं, की परदेशी मालकाच्या एकट्याच्या एलएलसीला दरवर्षी ५४७२ नावाचा फॉर्म लागू शकतो. चुकला, तर दंड २५ हजार डॉलर. रुपये नव्हे.

"भरू की," मी म्हटलं. "ऑनलाइनच असेल ना?"

सीएंनी दुसरा पेढा उचलला. "नाही. पोस्टाने, नाहीतर फॅक्सने."

तिथूनच झेरॉक्सवाल्या काकांना फोन लावला. म्हटलं, ते मशीन भंगारात घालू नका, आणि लाइन परत घ्यायचं काय पडेल तेवढं विचारून ठेवा.