शालूची जर जाळण्याआधी

गेला महिनाभर एक मेसेज गुहागरपासून मालवणपर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. सारांश असा: घरात शंभर वर्षांपूर्वीचा गालिचा, शालू किंवा पैठणी असेल तर बोहारणीला देऊ नका, परदेशी लिलावात लाखो रुपये येतात; दाखला म्हणून जर्मनीतल्या एका गालिच्याची गोष्ट. कापडातली जर जाळून पाहा, सोनं उरलं तर माल अस्सल. मग कापड धुऊन फोटो काढा आणि कुरिअरने लंडनला पाठवा. यातलं बोहारणीचं वाक्य तेवढं मला मान्य आहे. बाकी सल्ला चुकीचा आहे, आणि त्यातला काही घरातली वस्तू कायमची घालवणारा आहे.

आधी जरीचं बोलू. माझ्या आत्याने या मेसेजपायी सासूच्या शालूचा पदर वीतभर कापून निखाऱ्यावर धरला. हाती आली चांदीची काळपट गुंडी. दुसरं काही येणारच नव्हतं. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, वर सोन्याचा पातळ मुलामा. चांदी निघाली म्हणजे जर खरीच होती, पण ते कळेपर्यंत पदर गेला होता. मुलामा झिजलेल्या जागी भिंगातून पाहिलं असतं तरी चाललं असतं: खाली पांढरं दिसलं तर बहुधा चांदी, तांबूस दिसलं तर तांबं. त्यासाठी काडी पेटवायची गरज नाही. जर विकत घेऊन आटवणाऱ्यांनी किती पैठण्या संपवल्या असतील! आता तेच काम आपण घरच्या घरी करायला निघालो आहोत.

'धुऊन स्वच्छ करा.' हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. जुना लाल रंग पाणी लागताच फुटू शकतो, भिजलेलं जीर्ण रेशीम स्वतःच्या वजनाने फाटतं, आणि आपल्या दमट हवेत नीट वाळलं नाही तर वर बुरशी. रेशीम चिरतं ते बहुतेक घडीवर. म्हणून पावसाळा सरला की कापड बाहेर काढावं, सावलीत हवा द्यावी, घड्यांच्या जागा बदलाव्या आणि जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळून ठेवावं. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी बाजूला ठेवावी, डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नयेत.

कुरिअरचा सल्ला तर थेट तुरुंगाच्या दाराशी नेणारा आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. म्हणजे मेसेज ज्या वयाची वस्तू शोधायला सांगतो, नेमक्या त्याच वयाला लंडनचा रस्ता बंद होतो. देशात विक्री करता येते, पण पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याकडे परवाना हवा. दारात आलेल्या माणसाला तो आधी मागा.

आता गालिचे. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आखातातून आणलेले मखमली गालिचे आहेत. त्यांत माया भरपूर आहे, पण बरेचसे यंत्रावरचे. उलटून पाहा: हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट उमटते, आणि झालर म्हणजे त्याच्या ताण्याचीच, म्हणजे उभ्या धाग्यांचीच टोकं असतात. यंत्रावरच्याला ती बहुधा मागाहून शिवलेली. हाताचा निघाला तरी नुसत्या वयाला भाव नाही. वीण, रंग, नक्षी, झीज, सगळं बघतात.

मेसेजमधली ती जर्मनीची गोष्ट मात्र खरी आहे. आउग्सबुर्गच्या एका लिलावात ९०० युरो अंदाज लावलेला गालिचा १९,७०० युरोंना गेला, आणि पुढे एप्रिल २०१० मध्ये लंडनला ख्रिस्टीज या लिलावघरात त्याला ६२ लाख पौंड आले. पण तो सतराव्या शतकातला, इराणमधल्या किरमानचा होता, आणि पॅरिसच्या एका नामवंत संग्राहक काउंटेसच्या घरातून तो आल्याचा माग लागला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी करवून घेतलेली मोत्यांची चादर २००९ साली दोहाच्या लिलावात सुमारे ५४ लाख डॉलरना गेली, तिच्याही मागे असाच पक्का इतिहास होता. आपल्याकडे रत्नागिरीत जुनी सतरंजी दिसली की 'थिबा राजाच्या वाड्यातली' म्हणतात. ब्रह्मदेशाचा हा हद्दपार राजा १८८६ पासून १९१६ ला वारेपर्यंत इथेच होता, त्यामुळे ते ऐकायला शक्य वाटतं. पण पावती, पत्र, जुना फोटो यांतलं काहीच नसेल तर लिलावात त्या बोलण्याला मोल नाही.

आत्याचा शालू आता पुठ्ठ्याच्या नळीवर सुती कापड लपेटून त्यावर गुंडाळून ठेवला आहे. सोबत तिच्या अक्षरात एक कागद आहे: कुणाच्या लग्नात घेतला, कुणी कुणी नेसला, आणि पदर कधी, कशासाठी कापला. लग्नाचा एक पिवळा पडलेला फोटो सापडला आहे. त्यात पदर अखंड दिसतो.