सापाचं पिल्लू उपाशी ठेवण्याची खात्रीशीर पद्धत

अभिनंदन, बॉल पायथनचं (हौसेने पाळल्या जाणाऱ्या लहान, बिनविषारी अजगराचं) पिल्लू घरी आलं! आता ते आजच्या आज जेवलं पाहिजे. नव्या जागेत त्याला पाच-सात दिवस एकटं सोडा, पाणी बदलण्यापुरताच पेटीत हात घाला, असं जाणकार सांगतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. जो येईल त्याच्या हातात पिल्लू द्या, फोटो काढा, गळ्यात घालून पाहा. ज्या जिवाला आपण स्वतःच कुणाच्या तरी पोटात जाणार अशी धास्ती आहे, त्याला भूक लागत नाही. निम्मं काम इथेच झालं.

पेटी भलीमोठी, चारही बाजूंनी पारदर्शक आणि आतून मोकळी घ्या, म्हणजे साप कायम दिसत राहील. लपायला एकच जागा ठेवा आणि तीही ऐसपैस. अंग सगळीकडून टेकेल अशा दोन अरुंद लपणी, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला ठेवली, तर पिल्लू निवांत होतं. एकच असली की त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक सोडावं लागतं. घाबरलेलं पिल्लू ऊब सोडतं आणि गार कोपऱ्यात दडून बसतं.

उबेचं तर फारच सोपं आहे. काचेवर चिकटवायचा काट्याचा थर्मामीटर घ्या. तो काचेजवळची हवा मोजतो आणि साप जमिनीवर असतो, त्यामुळे तुमचा आकडा नेहमी समाधानकारक येईल. उबदार लपणीच्या तळाशी सेन्सर ठेवून ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २५ ते २७ अंश राखणं हे संशयी माणसांचं काम. ऊब ठरलेल्या अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट तर मुळीच नको. हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेची तापणारी चटई, थेट सॉकेटमध्ये खुपसा, मग पोट भाजेल इतकी जमीन तापली तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. आणि ऊब कमी पडली तर साप शहाण्यासारखा नकार देतो, कारण त्याचं पचन बाहेरच्या उबेवरच चालतं आणि न पचलेला उंदीर पोटातच सडतो. हा नकार म्हणजे त्याचे नखरे आहेत, असं मात्र सगळ्यांना सांगत राहा.

आता जेवण. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग असतो, साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर चालतो. वजनाने पाहिलं तर पिल्लाच्या दहा ते पंधरा टक्के. म्हणजे ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅम. तुम्ही याच्या तिप्पट आकाराचा आणा, वाढत्या वयाचं आहे म्हणून.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात हळूहळू वितळू द्यायचा, मग पिशवीत बंद करून पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात बुडवायचा, शेवटी कोरडा पुसून डोकं ३८ अंशांच्या आसपास आलंय ना ते पाहायचं. एवढा वेळ कुणाकडे आहे? मायक्रोवेव्ह करा. बाहेरून गार, आतून शिजलेला, आणि नशीब जोरावर असेल तर फुटलेला. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणारे खड्डे असतात, गार डोक्याचा उंदीर त्याच्या लेखी शिकारच नसते. (कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला हे खड्डे नसतात. तरी गार पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, तोंडाशी धरून त्याचीही परीक्षा घ्यायला हरकत नाही.)

भरवण्याची वेळ भर दुपारची. सगळे दिवे लावा, मुलांना गोळा करा, चिमटा थेट वरून आणा, कारण वरून येतात ते शिकारी पक्षी. संध्याकाळी मंद उजेडात, लांब चिमट्याने, बाजूने, डोकं पुढे करून एक-दोन मिनिटं हलकेच हलवणं आणि नाहीच घेतला तर लपणीच्या तोंडाशी ठेवून सकाळी उचलणं ही शांत माणसांची रीत. तुम्ही अर्धा तास त्याच्या नाकावर उंदीर आपटत राहा. नाही म्हणालं तर उद्या पुन्हा, परवा पुन्हा. दोन प्रयत्नांत आठवडा जाऊ देऊ नका. डोळे दुधाळ निळसर झाले असतील, म्हणजे कात जवळ आली असेल, तर आग्रह दुप्पट करा.

तरीही जमलं नाही तर जिवंत उंदीर आत सोडा आणि झोपायला जा. सकाळी कुणी तरी कुणाला तरी खाल्लेलं असेल. उंदीर लपणीत दडलेल्या सापाला कुरतडतो, पाठीपासून सुरुवात करतो.

शेवटचा उपाय: एकाच दिवशी पेटी, तापमान, अंथरूण आणि उंदराची जात असं सगळं बदला, म्हणजे चूक कशात होती ते कधीच कळणार नाही. आठवड्याला वजन लिहून ठेवू नका. प्रौढ बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहतो, हे ऐकून पिल्लाच्या बाबतीतही निर्धास्त राहा. त्याच्याकडे तेवढा साठा नसतो. दहा टक्के वजन घटलं की लोक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे धावतात. तुम्ही त्याऐवजी जबडा उघडून उंदीर कोंबण्याचे व्हिडिओ पाहा.

आणि या सगळ्यातूनही पिल्लाने एके रात्री चुकून गिळलाच, तर आनंदाच्या भरात त्याला लगेच उचला. ४८ तास हात लावायचा नसतो म्हणे. त्याने उलटून टाकलं की दहा-चौदा दिवस थांबू नका आणि पुढचा घास छोटाही करू नका. फ्रीजरमधला सर्वांत मोठा उंदीर काढा.