भाषणाने नाही, हामानने

२००५च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूल फायनलमध्ये (लिव्हरपूल विरुद्ध एसी मिलान) लिव्हरपूलचे कोच बेनिटेझ यांच्या मध्यंतरातल्या 'जळजळीत भाषणाने' सामना फिरला, हे त्या सामन्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. ०-३ने मागे असताना त्याने धीर दिला असेलच, पण खरं काम केलं ते बदलाने. बचावपटू फिननच्या जागी मिडफिल्डर हामान आला, मागे तीन बचावपटू झाले आणि पहिल्या हाफमध्ये मोकाट सुटलेल्या मिलानच्या काकाभोवती कोणीतरी फिरायला लागलं. त्यामुळे लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्डला पुढे जाता आलं. ५४ ते ६० या सहा मिनिटांत तीन गोल! लिव्हरपूलचा बचावपटू त्रावरेची गंमत तर लेखात नाहीच. आधी त्यालाच काढायचं ठरलं होतं. फिननची दुखापत कळल्यावर बूट उतरवलेल्या या गड्याला परत उभं केलं आणि पुढे त्यानेच गोलरेषेवरून मिलानच्या शेवचेन्कोचा फटका परतवला.

मी कॉलेजात राइट बॅक खेळायचो. आमचे कोच मध्यंतरात नुसते ओरडायचे, 'जान लगाओ!' अहो, जान लावतच होतो, पण समोरचा विंगर सुसाट होता, मदतीला कोण येणार ते सांगा ना! एकदा एका सीनियरने मिडफिल्डरला माझ्या पुढ्यात उभं राहायला सांगितलं, तेव्हा पाय आपोआप हलके झाले. खेळाडूला पुढच्या दहा मिनिटांत नेमकं काय करायचं ते कळलं, की हुरूप येतोच. लेखकाने बेनिटेझच्या आवाजापेक्षा त्याच्या फळ्यावरच्या डावपेचांबद्दल चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या.