दंड सोडा, खरा फटका वेगळाच

अवजड वाहनांवरच्या एका लेखात, ऑस्ट्रेलियातल्या ट्रक-मालकाची मान्यता (नियम नीट पाळतो म्हणून मिळणारी अधिकृत परवानगी) गेली की किती दंड होतो यावरच भर आहे. मी मेलबर्नहून सिडनीला ट्रक न्यायचो, म्हणून सांगतो, दंडापेक्षा कामाचे तास जातात ते जास्त झोंबतं. साध्या नियमात एकट्या ड्रायव्हरला 24 तासांत 12 तास काम करता येतं. मालकाकडे बेसिक थकवा-व्यवस्थापनाची मान्यता (ड्रायव्हर थकून चालवणार नाहीत याची सोय केल्याची) असेल तर 14. आमच्या मालकाने ड्रायव्हरांच्या नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या (वह्या होत्या, पण अर्ध्या कोऱ्या!), ऑडिटमध्ये सापडला आणि मान्यता स्थगित झाली. झालं, दुसऱ्या दिवसापासून सगळे 12 तासांवर. परतीचा माल वेळेत पोचेना, गिऱ्हाईक तुटलं.

आणि ड्रायव्हरही सुटत नाही हो. मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत केबिनमध्ये नसेल तर रस्त्यावर अधिकारी त्यालाच धरतो. मान्यता नसताना तेरावा तास चालवला तर गुन्हा त्याच्याही नावावर. इकडे नव्याने आलेल्या आपल्या पोरांनी मालकाच्या तोंडी भरवशावर राहू नये, कागद मागून घ्यावा. मागितला म्हणून मालक रागावला, तर बहुतेक कागद नाहीच.