पाळणाघरात मूल ‘मिसळायला’ शिकतं ते नेमकं कसं

“चार मुलांत राहिलं की आपोआप शिकेल” हे वाक्य पाळणाघर म्हटलं की हमखास ऐकू येतं. यातल्या ‘आपोआप’शी माझं भांडण आहे. दीड-दोन वर्षांची दहा मुलं एका खोलीत नुसती सोडून दिली, तर ती हिसकावायला शिकतात, नाहीतर कोपरा धरायला. मिसळायला शिकवतं ते तिथलं मोठं माणूस. आणि ते गाण्या-गोष्टींच्या वेळेत कमी, भांडणात, डायपर बदलताना, चपला घालताना जास्त.

आधी वयाबद्दल. अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, ते आजही कुठल्याही पाळणाघरात दिसतात: एकट्याने खेळणं, लांबून बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग थोडी देवाणघेवाण, आणि पुढे सगळ्यांनी ठरवून एकच खेळ खेळणं. दोन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून, एकमेकांकडे न बघता ठोकळे रचत असतील, तर “आमचा कुणात मिसळत नाही” म्हणून काळजी करू नका. मधूनच एक जण दुसऱ्याचं बघून तसाच मनोरा करतो, या वयातलं मिसळणं ते हेच. लांबून बघणाऱ्या मुलालाही हाताला धरून घोळक्यात ढकलू नये. ताईने त्याच्याजवळ बसावं, काय चाललंय ते त्याला हळू आवाजात सांगावं. बहुतेक वेळा ते आपणच दोन पावलं पुढे सरकतं.

आता ‘शेअर कर’. दोन वर्षांच्या मुलाला ‘माझं’ हा शब्द नुकताच सापडलेला असतो, आणि आपण लगेच ते सोडायला सांगतो! या वयाच्या गटात एकाच प्रकारची तीन-चार खेळणी हवीत. तीन वर्षांनंतर उलट करावं: मोठा चेंडू, सीसॉ, एकट्याला न उचलणारे मोठे ठोकळे, म्हणजे दुसऱ्याची गरज खेळातूनच पडते.

तरीही भांडण होणारच, आणि व्हावंच. तेव्हा ताईने खाली बसून मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं. खेळण्यावर हात ठेवावा, पण काढून घेऊ नये. मग दोघांचंही म्हणणं शब्दांत मांडावं: “तुला गाडी हवीय. ती त्याच्या हातात आहे, त्यालाही हवीय.” आणि मग थांबावं. हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही. दहा-पंधरा सेकंद गप्प राहिलं, तर पुष्कळदा एखादं मूलच काहीतरी सुचवतं. नाही सुचलं, तर “त्याचं झालं की तुझा नंबर” म्हणावं आणि तो नंबर खरंच द्यावा. एकदा विसरलं, की मुलासाठी ‘थांब’ या शब्दाला किंमत उरत नाही. जबरदस्तीच्या ‘सॉरी’तून मूल फक्त सुटायचा शब्द शिकतं. त्यापेक्षा रडणाऱ्याला पाणी आणून द्यायला सांगावं.

चावण्यावरून पालकांमध्ये सगळ्यात जास्त कटुता येते. एक ते तीन वर्षांत ते सर्रास दिसतं, आणि त्यामागे दुष्टपणा नसतो. दात येत असतात, गर्दी असते, भूक लागलेली असते, झोप झालेली नसते, आणि ‘नको’ म्हणायला शब्द नसतो. आधी चावलं गेलेल्या मुलाकडे जावं. चावणाऱ्याला एकच छोटं वाक्य: “चावलं की दुखतं.” मग आठवडाभर वेळ, जागा आणि शेजारी कोण होतं याची नोंद ठेवावी. बऱ्याचदा जेवणाआधीची किंवा झोपेआधीची तीच ती वेळ निघते. ती वेळ बदलली, गट लहान केला, की चावणं कमी होतं. ‘चावरा’ हे नाव मात्र कधीच चिकटवू नये.

या सगळ्याला माणसं लागतात. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी एका ताईमागे तीन-चारहून जास्त बाळं असतील, तर ती फक्त भरवणं आणि पुसणं एवढंच करू शकते. भिंतीवरच्या चित्रांपेक्षा मी आधी विचारेन: इथली ताई किती महिने टिकलीय? दर दोन महिन्यांनी चेहरा बदलत असेल, तर बाळ कुणावर भिस्त ठेवायची हे ठरवूच शकत नाही, आणि ज्याला भिस्त नाही ते इतर मुलांकडे जायला धजत नाही.

रुळवण्याची घाई नको. पहिले दोन-तीन दिवस पालकाने तासभर तिथेच बसावं, मग दहा-पंधरा मिनिटं बाहेर जावं, मग वेळ वाढवावा. गुपचूप सटकू नये. रडलं तरी चालेल, पण “मी जाते, झोपून उठलास की येते” हे सांगूनच निघावं. नाहीतर ते दिवसभर दारावरच नजर ठेवतं.

तासांचंही बोलायला हवं. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. सांभाळ जितका चांगला, तितकं भाषा आणि वागणं थोडं सरस दिसलं. जास्त तास घराबाहेरच्या सांभाळात काढलेल्या मुलांत हट्ट-मारामारीही थोडी जास्त दिसली. आणि या दोन्हींपेक्षा घराचा प्रभाव मोठा होता. म्हणून तास कमी करणं शक्य असेल तर करावं. नसेल, तर अपराधी न वाटू देता सांभाळाच्या दर्जावर अडून बसावं.

संध्याकाळी घ्यायला गेल्यावर मूल तुम्हाला बघताच रडायला लागलं, तर पाळणाघर वाईट आहे असं लगेच ठरवू नका. दिवसभर आवरून धरलेलं ते आपल्या माणसापाशी सोडतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं प्रश्न नकोत, मोबाईल नको. नुसतं जवळ घेऊन बसा. “आज काय केलंस?” नंतर विचारा, आणि तेही “आज तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?” असं.