अनुदान हातात मिळत नाही आणि कर्ज फेडावंच लागतं

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. “अगं, अडीच हजार पाठवतेस का? आज शेवटची तारीख आहे, उद्या देते तुला.” मावशीला गावात मिरची-मसाल्याचं कांडप टाकायचंय, दोन वर्षं त्याच विचारात आहे. कशाचे अडीच हजार म्हणून विचारलं तर तिने एक मेसेज पुढे ढकलला. तोवर तो तिच्या बचत गटात, भजनी मंडळात आणि आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरून झाला होता.

मेसेज असा: पंतप्रधान रोजगार योजनेत महिलांना 10 लाखांचं अनुदान. 35 टक्के रक्कम थेट खात्यात, उरलेली फेडली नाही तरी चालते. बँकेत जायची गरज नाही. चालू धंद्यालाही मिळेल, नवरा-बायको दोघंही अर्ज करू शकतात. फाइल चार्ज फक्त 2,500. वर अशोकस्तंभाचं चित्र.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. योजना खरी आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, 2008 पासून आहे आणि खादी व ग्रामोद्योग आयोग ती राबवतो. 35 टक्क्यांचा आकडाही खरा आहे. ग्रामीण भागातल्या महिलेला तेवढंच अनुदान आहे, शहरात 25 टक्के. म्हणूनच हा मेसेज इतका पटतो. एक खरा आकडा घेतलाय आणि त्याच्याभोवती सगळं खोटं रचलंय.

“उरलेली फेडली नाही तरी चालते” हे वाक्य वाचून माझा संताप झाला. बाकी सगळं सोडा, हे एक वाक्य एखाद्या बाईला आयुष्यातून उठवेल. मावशीला फोनवरच हिशेब घालून दिला, तोच इथे देते. समजा कांडपाचा प्रकल्प 5 लाखांचा. त्यातले 5 टक्के, म्हणजे 25 हजार, तिने स्वतःचे घालायचे. उरलेले 4 लाख 75 हजार बँक देणार, आणि ते कर्ज म्हणून. अनुदान प्रकल्पाच्या 35 टक्के, म्हणजे 1 लाख 75 हजार. पण ते मावशीच्या हातात येत नाही, बचत खात्यातही येत नाही. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय: ही रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेत तीन वर्षं मुदत ठेव म्हणून अडकून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी धंदा खरंच चालू आहे का याची जागेवर येऊन पाहणी होते, मग ती रक्कम कर्जात वळती होते. राहिलेले 3 लाख, अधिक व्याज, मावशीनेच फेडायचे. हप्ते थकले की खातं थकीत, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, खराब. मग उद्या पोराच्या शिक्षणासाठी बँकेत गेली तर तिथेही नकार.

“म्हणजे ते पावणेदोन लाख मला दिसणारच नाहीत?” मावशीने विचारलं. नाही दिसणार. कर्जातून वजा होतील. हे आधी कळलेलं बरं.

बँकेत जायची गरज नाही, हेही धादांत खोटं. कर्ज बँकच मंजूर करते. बँकेने नाही म्हटलं तर अनुदानही नाही. चालू धंद्याचं म्हणाल तर पहिलं कर्ज फक्त नव्या उद्योगाला आहे. वाढीसाठी दुसरं कर्ज असतं, पण आधीचं वेळेत फेडलेल्यांना. आणि नवरा-बायको मिळून एकच अर्ज. ‘शेवटची तारीख’ खरी असेल तर ती आयोगाच्या पोर्टलवर दिसेल, ग्रुपवर नाही.

राहिला फाइल चार्ज. अर्ज आयोगाच्या पोर्टलवर होतो, फुकट. प्रकल्प अहवालाचे नमुनेही तिथेच फुकट आहेत. अहवाल एखाद्या सीएकडून करून घेतलात तर त्याच्या कामाचे पैसे द्या, पावती घ्या. मंजुरीसाठी म्हणून कुणालाही रुपया द्यायचा नाही. मुद्रा योजनेच्या नावाने असंच पत्र फिरत होतं, साडेचार हजार भरा आणि 10 लाखांचं कर्ज घ्या म्हणून. केंद्र सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाने ते बनावट असल्याचं जाहीर केलं होतं. (मुद्रा तर निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदान नाहीच.)

या लोकांचं का फावतं तेही मला माहीत आहे. बँकेत बायकांना नीट उत्तर मिळत नाही. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असं तीनदा ऐकलं की अडीच हजारांत काम करून देणारा देवासारखा वाटतो. हा राग मला पटतो. पण तो माणूस काम करून देत नाही, नंबर बंद करून टाकतो.

ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांनी लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मावशीने त्या माणसाला ‘आधी ऑफिसचा पत्ता द्या’ असं लिहिलं. त्याने तिला ब्लॉक केलं. सोमवारी आम्ही दोघी जिल्हा उद्योग केंद्रात जाणार आहोत. आधार, जागेचा उतारा आणि कांडप यंत्राचं कोटेशन पिशवीत भरून तिने ती आत्ताच दाराशी टांगून ठेवली आहे.